तुम्ही विचारलंत म्हणून: फोन असताना हे वेगळं जीपीएस कशाला?

मी गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे पंप दुरुस्तीची कामं करतो. कुणाच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत पोचलो आणि खिशातून ते मुठीएवढं यंत्र काढलं की घरवाले विचारतातच, अहो फोनमध्ये मॅप आहे ना, मग हे कशाला बाळगता? दर वेळी काहीतरी अर्धवट बोलून मी पाना हातात घेतो, आज नीट सांगतो.

गाडी चालवताना मीही फोनच लावतो. माझं गार्मिनचं ईट्रेक्स २० आहे, स्क्रीन छोटा, बोलत नाही, रस्त्यावर गर्दी आहे की नाही ते त्याला कळत नाही. पण फोन मला वाड्यापर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत नेतो, तिथून पुढे नाही. आपल्याकडचे पत्ते तुम्हाला माहीत आहेत, घुमटीकडे डावीकडे घ्या, मग फणसाखालून खाली उतरा, आणि पंपाची खोली असते पार व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला पोफळींच्या आत, वरून काही दिसत नाही आणि रेंज तर चोर्ला घाटाच्या बाजूला केव्हाच गेलेली असते. तसं रेंज नसली तरी फोनला सॅटेलाइट मिळतात, पण मॅप आधी उतरवून ठेवला नसेल तर कोऱ्या स्क्रीनवर नुसता निळा ठिपका. म्हणून एकदा गेलो की पंपाच्या जागेचा वेपॉइंट, म्हणजे यंत्रातली खूण, टाकून ठेवतो, घराचं नाव आणि पंप किती एचपीचा तेवढं लिहून. दोन पेन्सिल सेलवर ते २५ तासांपर्यंत चालतं आणि मुसळधार पावसात हातात धरलं तरी त्याला काही होत नाही, जुलैत फोनचा भिजलेला स्क्रीन बोटाला दाद देत नाही तेव्हा याची बटणं दाबता येतात हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याचे दोष पण सांगतो. ठरवलेल्या जागेकडचा बाण सरळ रेषेत दाखवतो, मध्ये म्हादई नदी आहे हे त्याला काय माहीत, एकदा ८०० मीटरवर दिसणाऱ्या कुळागराला पुलावरून फिरून जायला अर्धा तास लागला. माझ्या मॉडेलमध्ये होकायंत्र नाही, त्यामुळे उभं राहिलं की बाण भरकटतो, दहा पावलं चाललं की परत जागेवर येतो. आणि एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकताना ते कुठल्या पद्धतीने लिहिलेत ते बघाच बघा. कुणी १५.५० अंश असं पाठवलं आणि तुम्ही ते १५ अंश ५० मिनिटं म्हणून टाकलंत तर सुमारे ३७ किलोमीटर उत्तरेला जाता, म्हणजे डिचोलीचं कुळागर सरळ सिंधुदुर्गात, कारण अर्धा अंश म्हणजे ३० मिनिटं, ५० नाही.

हेही लोक विचारतात की असलं यंत्र ठेवणं कायद्यात बसतं का. हे फक्त ऐकतं. वीस हजार किलोमीटरवरून सॅटेलाइट स्वतःची वेळ आणि जागा सांगत फिरतात, त्यातले निदान चार ऐकू आले की हे आपली जागा काढतं, स्वतः काहीच पाठवत नाही. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं वेगळी, ती आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक त्यापायी अडकलेत. तेव्हा घेताना नीट बघून घ्या.

पण मी हे यंत्र सोडत नाही ते आबांमुळे, माझं एक जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या कुळागराला पंप फक्त एप्रिल-मे पुरता, बाकी वर्षभर डोंगरावरच्या झरीचं पाणी पाइपातून आपसूक खाली यायचं. एकदा पाणी कमी झालं म्हणून आबा मला वर घेऊन गेले, वय सत्तरीच्या पुढे, हातात कोयता, आणि मी मागून धापा टाकत. यंत्रात ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, चालू होता, मुद्दाम नाही, नेहमीच्या सवयीने. दोन व्हाळ ओलांडून, एका खडकाला वळसा घालून ते थांबले आणि म्हणाले, पुता, हांगा पळय (बाळा, इथे बघ), आणि पानं बाजूला केली तर खाली पाणी. तिथे मी वेपॉइंट टाकला.

दोन वर्षांनी आबा गेले. पुढच्या पावसात दरड आली, मधला पाइप मातीखाली गेला आणि टाकीत थेंब येईना. तुम्ही म्हणाल पाइप धरून वर जायचं, पण पाइपच दिसत नव्हता, आणि झर नेमकी कुठे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, आबांचा मुलगा लहानपणी एकदा गेलेला तेवढाच. मी जुना ट्रॅक उघडला आणि आम्ही दोघं त्या रेषेवरून निघालो. झाडं दाट, चूक वीस मीटरपर्यंत दाखवत होतं, तरी दोन्ही व्हाळ बरोबर जागी आले, मग तो खडक आला, तिथून पाच-सहा मिनिटं शोधलं आणि सापडली. २००० सालच्या मेपर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, शंभर मीटरपर्यंत चूक यायची, तसल्या चुकीत आम्ही भलत्याच व्हाळात शोधत बसलो असतो.

फोनमधल्या मॅपवर ती जागा आजही नुसती हिरवी आहे. माझ्या यंत्रात आहे ती आबा चालले ती वाट, खडकाचा वळसासुद्धा त्यांचाच. नवीन पाइप टाकून झाला तेव्हा मुलाने तो ट्रॅक मागितला, मी फाइल त्याच्या फोनमध्ये घालून दिली, आणि आता दर वर्षी गणेश चवथीच्या आधी तोच वर जाऊन झरीतली पानं काढून येतो.