तुम्ही विचारलंत म्हणून: ॲपला पैसे भरले तर बिघडलं काय?

मी मुलींना क्रिकेट शिकवते. त्यामुळे पालकांपासून मैदानाशेजारच्या चहावाल्यापर्यंत सगळे मला हेच विचारतात, "मॅडम, आयपीएलसाठी लोक पैसे भरतातच ना? मग मोबाइल ॲपवर डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची महिला प्रीमियर लीग, बघायला भरले तर बिघडलं कुठे?"

बिघडतं, आणि ते टीव्हीच्या रिमोटपाशी बिघडतं.

5 मार्च 2023, रविवार. महिला प्रीमियर लीगचा दुसराच दिवस. स्पर्धेच्या फॉर्मवर सही हवी म्हणून रात्री आमच्याच गल्लीतल्या एका मुलीच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत मालिका लागलेली. पोरगी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या आईच्या फोनवर सामना बघत होती. खेळत होती किरण नवगिरे, सोलापूर जिल्ह्यातली. तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं स्टिकर नव्हतं. तिने स्वतःच 'एमएसडी 07' लिहिलं होतं, धोनीसाठी. पोरीने फोन नाकाशी नेऊन ती अक्षरं वाचली. किरणने 53 धावा केल्या, तिची टीम यूपी वॉरियर्झ एक चेंडू राखून जिंकली. दुसऱ्या दिवशी ही सरावाला आली ती बॅटवर स्केचपेनने 'किरण' लिहून.

त्या घरात टीव्हीवर तिचा हक्क चाललाच नसता. सामना मोबाइलवर फुकट होता, म्हणून तिला कोणाची परवानगी लागली नाही.

याआधी काय होतं? 2018 साली वानखेडेवर महिलांचा एकच प्रदर्शनीय सामना ठेवला, तोही आयपीएलच्या प्ले-ऑफच्या दिवशी, भर दुपारी. पुढच्या वर्षांतही चार सामन्यांत सगळं आटोपायचं. एवढ्यात पोरींना नावं पाठ व्हायची कशी?

मग व्हायकॉम18 या कंपनीने डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क 951 कोटींना घेतले, सामन्यामागे 7 कोटी 9 लाख. हा पैसा मला खुपत नाही, उलट हवाच आहे. त्यातूनच संघ उभे राहतात, खेळाडूंना मानधन मिळतं. पण पहिल्या हंगामात सामने ॲपवर मोफत होते आणि मुली-बायकांना स्टेडियममध्येही प्रवेश फुकट होता. गर्दी जमली ती या दोन उघड्या दारांतून. (नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आम्हीही गाडी करून गेलो होतो, सतराजणी!)

ज्याला आधीच वेड लागलंय तो पैसे भरतो. आयपीएल 2008 पासून घराघरांत आहे, त्यांना ते चालतं. तीन-चार वर्षांच्या लीगचं तसं नाही. तिचे निम्मे चाहते अजून व्हायचेत, आणि त्या अकरा-बारा वर्षांच्या पोरींच्या हातात ना पैसे असतात ना स्वतःचा फोन. ॲप पैसे मागतं तेव्हा निर्णय परत घरातल्या मोठ्यांकडे जातो. ते रिचार्ज बघतात, सामना नाही. म्हणून मला वाटतं, मोठ्या पडद्यासाठी खुशाल पैसे घ्या, पण मोबाइलवर महिलांचे सामने आणखी काही वर्षं मोफतच ठेवा.

गेल्या हंगामात सरावानंतर आम्ही सगळ्या माझ्या एकाच फोनभोवती बसून सामना बघायचो. पण साडेसातला सुरू झालेला सामना आठ वाजले की मुलींना अर्धा सोडून घरी जावं लागायचं. रात्री उशिरा एकीच्या आईच्या फोनवरून मेसेज यायचा, "मॅडम, स्मृतीने किती केल्या?"