जुनी स्नीकबॉक्स परत पाण्यात जायलाच हवी

सध्या सगळे वीकेंड गॅरेजमधे जातायत, शेजारच्या आजोबांची जुनी स्नीकबॉक्स आम्ही दोघं मिळून दुरुस्त करतोय. इथे न्यू जर्सीत बार्नेगट बेवर बदकांच्या शिकारीला वापरायचे ती ही बोट, १८३६ च्या सुमारास हेझेल्टन सीमनने वेस्ट क्रीकला पहिली बांधली असं मानतात. जेमतेम १२ फूट लांब, तळ चमच्यासारखा, आणि डेक इतका बुटका की वर गवत पसरून माणूस आत आडवा झाला की बदकांना काही दिसतच नाही, काय डोकं चालवलंय! लाकूड पांढऱ्या सीडरचं, हलकं आणि सहजी न कुजणारं, पण पावसाचं पाणी वर्षानुवर्षं साचलं की त्याचीही वाट लागते, डेकखाली स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला. तेवढ्या फळ्या बदलल्या. आता ओकच्या फासळ्या वाफवून वाकवतोय, बाहेर काढली की लगेच बसवायची, नाहीतर कडक होते. बरेच जण म्हणतात वरून फायबरग्लास मारा, मला अजिबात पटत नाही, ओल आत अडकते आणि लाकूड आतून सडतं. रंग वाळक्या गवताचा आणि मॅटच हां, चकाकलं की बदकं उडालीच.