खारघरच्या ओढ्यात आघाताचे मणी? निघण्याआधी हे वाचा

'खारघरच्या डोंगरातल्या ओढ्यात लोहचुंबक फिरवा, डायनासोर संपवणाऱ्या लघुग्रहाच्या आघाताचे मणी मिळतील' असा व्हिडिओ सध्या ग्रुपांवर फिरतोय. सरळ सांगतो, मिळत नाहीत.

हा अख्खा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतंच, त्यामुळे वाळूत चुंबक घातला की त्याला काळी दाढी फुटते. ती खडकाची झीज. आघाताचा पक्का पुरावा म्हणजे धक्का बसलेलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज. प्रचंड दाबाने त्याच्या कणात काही मायक्रॉनच्या अंतराने समांतर पट्ट्या उमटतात, ज्वालामुखीला ते जमत नाही. डायनासोर संपवणाऱ्या याच, मेक्सिकोतल्या चिक्सुलुबच्या आघाताने असं क्वार्ट्झ दूरदूरपर्यंत उधळलं. पण ते शोधायचं तर त्याच काळात, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी साचलेला गाळाचा थर हवा. आपल्याकडे तेव्हा लाव्हा वाहत होता. वाटेत चमकणाऱ्या गारगोट्या दिसतील, त्या लाव्हातल्या पोकळ्यांत नंतर पाण्यामुळे तयार झालेल्या. उचलून खूश होऊ नका. पट्ट्या बघायला पातळ काप आणि ध्रुवीकृत प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागतो, मोबाइलला लावायच्या भिंगाचं ते काम नाही.

बेसॉल्टवरचा आघातच बघायचा असेल तर लोणारला जा. तिथे खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची धक्क्याने काच झालीय, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात.

आता वाट. रस्ता सोडून ओढ्यात उतरायचा तुकडा अत्यंत वाईट. सुटा मुरूम, धरायला वाळकी झुडपं, आणि तीही उपटून हातात येतात. चढताना एक पाऊल वर, अर्धं खाली. हातमोजे हवेतच. व्हिडिओत हा तुकडा कापलाय! पावसाळ्यात या ओढ्यांच्या नादी लागू नका, तिथल्या पांडवकडा धबधब्यावर तर बंदीच घालतात. दिवाळीनंतर ओढा आटला की जा, म्हणजे जायचंच असेल तर. स्टेशनवरून पायथ्यापर्यंत रिक्षावाल्याने मीटर न टाकता दोनशे घेतले, परतीचे वर मागितले. बस बघा. वरचं पठार, वारा वगैरे छान आहे.

त्यापेक्षा घरची गच्ची बरी. नॉर्वेच्या यॉन लार्सनने शहरांतल्या छपरांवरच्या गाळातून सूक्ष्म उल्का वेचल्या, 2017 मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. साधारण 0.3 मिलिमीटरचे मणी. पण ही रोज पडणारी अवकाशधूळ आहे, प्राचीन आघाताचा पुरावा नव्हे. व्हिडिओवाल्याने दोन्हीची खिचडी केलीय.

आणि नवी मुंबईत गच्चीवरही घोळ आहेच. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या गार होऊन हुबेहूब असेच काळे चकचकीत मणी होतात. पत्र्याची शेड ठोकलेली गच्ची बाद. तुर्भे, रबाळे, महापे हा कारखान्यांचा पट्टा बाद. जुनी, उघडी, शेड नसलेली गच्ची शोधा, सेक्रेटरीला आधी विचारा, आणि मे महिन्यातच पन्हळीच्या तोंडाशी साचलेला गाळ काढा, जूनमध्ये सगळं वाहून जातं. गाळ धुवा, वाळवा, बारीक चाळणीने चाळा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच फिरवा, नाहीतर कण खरवडत बसाल. आरशासारखा गुळगुळीत मणी बहुतेक वेल्डिंगचा, पृष्ठभागावर झाडाच्या फांद्यांसारखी स्फटिकांची नक्षी असेल तर बाजूला ठेवा. तरी खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय नाही, तोवर ग्रुपवर फोटो टाकू नका.