पत्र्याच्या पोटाला सुटलेले पाणी : माळ्यावरच्या नोंदी, डिसेंबर ते फेब्रुवारी

सावंतवाडीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या पाख्यावरची मंगळोरी कौले वानरांनी दरवर्षी फोडायची, म्हणून गेल्या मे महिन्यात ती उतरवून तिथे रंगीत पत्रे घातले. पावसाळाभर माळ्यावर थेंबही आला नाही. मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस जाऊन महिना उलटल्यावर, तिथल्या रिपांवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर, बुरशीचे काळे ठिपके दिसले आणि लाकडातली ओल मोजणाऱ्या यंत्राने २४ टक्के दाखवले. ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो, त्यामुळे हे प्रकरण लगेच हाती घेतले.

गळती असेल तर डाग एका जागी पडतो आणि पावसाबरोबर वाढतो. खात्री करण्यासाठी संध्याकाळी माळ्याच्या फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन वर गेलो. पत्र्याच्या पोटाला मोहरीएवढे थेंब दाटून आले होते. ते उतारावरून घसरत पहिल्या रिपेपर्यंत येत, तिथे स्क्रूच्या टोकाशी एकमेकांत मिसळत आणि खाली पडत. कागदावरचे डाग रिपेला समांतर, एका सरळ ओळीत होते. पुढच्या पाख्याखालचे, म्हणजे कौलांखालचे कागद मात्र कोरडे होते.

पाणी आमच्याच स्वयंपाकघरातले होते. एक्झॉस्ट पंख्याची नळी कारागिराने बाहेर न काढता माळ्यातच सोडली होती आणि उंदीर येऊ नयेत म्हणून भिंत व वळचण यांच्यामधली फट आम्ही सिमेंटने लिंपून टाकली होती. २० अंश तापमानाच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तिच्यातले बाष्प साधारण १७ अंशांवर पाणी होऊ लागते, आणि निरभ्र रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता फेकणारा पातळ पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. कौलांच्या छपराला ही अडचण फारशी येत नसे, कारण त्यांच्या सांध्यांतून हवा खेळते, भाजलेली माती थोडे पाणी शोषून उन्हात सोडून देते आणि पूर्वी खालच्या चुलीची ऊब व धूर वासे कोरडे ठेवत असत. आपल्या जुन्या छपरांची ही बाजू मला फार मोलाची वाटते.

सर्वांत आधी नळी भिंतीतून थेट बाहेर काढली. त्यानंतर फटींचा हिशेब केला. उत्तर अमेरिकेत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा हवेसाठी ठेवण्याचा नियम वापरतात, तोच धरला. आमचा माळा ६० चौरस मीटर, म्हणजे एकूण ४,००० चौरस सेंटिमीटर. त्यातली निम्मी जागा खाली आणि निम्मी आढ्याजवळ हवी, कारण तापलेली हवा वरून निघते तेव्हाच खालून नवी हवा आत ओढली जाते. दोन्ही बाजूंची वळचण मिळून २० मीटर भरते, त्यामुळे एक सेंटिमीटरची फट पुरली असती. पण जाळी बरीच जागा अडवते, म्हणून सिमेंट फोडून दोन सेंटिमीटरची सलग फट ठेवली आणि तिला उंदरांसाठी बारीक गॅल्व्हनाइज्ड जाळी मारली. आढ्याखाली दोन्ही अंगांना तेवढीच फट सोडली. नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर येणारी झड आत शिरू नये, म्हणून त्या बाजूला पत्र्याची दुमडलेली पट्टी बसवली. बुरशी तारेच्या ब्रशने घासली आणि लाकूड आठ दिवस सुकल्यावर त्याला काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात दिले.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच रिपांची ओल १७ टक्क्यांवर आली आहे. थेंब मात्र पूर्ण थांबलेले नाहीत. दाट दव पडते त्या रात्री बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा पत्र्याला पाणी सुटतेच; फरक इतकाच की पूर्वी ते दुपारपर्यंत टिकायचे, आता साडेनऊपर्यंत सुकते.

म्हणून मार्चमध्ये पत्र्यावर रिपा ठोकून, मध्ये हवेची पोकळी ठेवून, उतरवलेल्यांपैकी धड कौले पुन्हा चढवणार आहे. रात्री आकाशाकडे कौले थंड होतील आणि पत्रा त्यांच्या आड राहील. वानरांनी एखादे कौल फोडले तरी खाली पत्रा आहेच. ज्यांनी असे दुहेरी छप्पर केले आहे, त्यांनी मधल्या पोकळीची उंची किती ठेवली आणि वळचणीला तिचे तोंड उघडे ठेवले का, हे जरूर कळवावे.