डबलकॉर्टिनची अँटिबॉडी आणि खरेदी विभागाचा ‘एल-वन’

अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते ओळखून देणारं प्रथिन) आली, मेंदूचे पातळ काप म्हणजे सेक्शन रंगवून झाले, चित्रं प्रबंधात गेली, तरी फाइलवरच्या त्या एका शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. ‘सर्वांत कमी दर डावलण्याचे कारण स्पष्ट होत नाही.’ या ओळीपायी फाइल अडली आणि तेवढ्यात आमच्या माऊसचा एक अख्खा गट प्रयोगाचं वय ओलांडून गेला.

आम्ही माऊसच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागात) नव्याने जन्मणाऱ्या चेतापेशी मोजतो. त्या ओळखायच्या डबलकॉर्टिन या प्रथिनावरून. कोवळी चेतापेशी आपल्या जागेकडे सरकत असते तेव्हा हे प्रथिन तिच्यातल्या सूक्ष्मनलिकांना धरून असतं. पेशी पक्व झाली की ते दिसेनासं होतं. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि १९९८ साली सापडलं. ते बिघडलं तर मुलग्यांच्या मेंदूवर वळ्याच नीट पडत नाहीत, आणि मुलींमध्ये बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) खाली चेतापेशींचा आणखी एक पट्टा अडकून राहतो. एवढ्या महत्त्वाच्या प्रथिनासाठी बाजारात ढीगभर अँटिबॉडी आहेत. दुखणं तिथेच सुरू होतं.

इंडेंट म्हणजे खरेदीची मागणी, गाइड मॅडमची सही, जेमवर (सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर) वस्तू उपलब्ध नसल्याचा दाखला, हे सगळं विनासायास झालं. तीन कोटेशन आली. खरेदी विभागाने तुलनेचा तक्ता केला, त्यात रकाने तीनच: वस्तूचं नाव, मात्रा, दर. तिन्ही ओळींत ‘डबलकॉर्टिन अँटिबॉडी, १०० मायक्रोलिटर’. साहजिकच सगळ्यात स्वस्त ती एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची, आणि ऑर्डर तिलाच.

ती एल-वन माऊसमध्ये बनवलेली मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या अँटिबॉडीची) होती. आमची ऊतीही माऊसची. माऊसच्या ऊतीत माऊसची स्वतःची इम्युनोग्लोब्युलिनं, म्हणजे अँटिबॉडी, असतातच, आणि सेकंडरी अँटिबॉडी (पहिलीला चिकटून चमक देणारी) त्यांनाही जाऊन चिकटते. मग सेक्शनभर धूसर चमक येते आणि कोवळी पेशी कुठली, पार्श्वभूमी कुठली, हे सांगता येत नाही. हे चिकटणं रोखणारं ब्लॉकिंग किट मिळतं, पण त्याचे पैसे धरले की दरातला फरक उरतच नव्हता. शिवाय उत्पादकाने ती फक्त ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पाहण्याच्या पद्धतीत) आणि मानवी नमुन्यांवर तपासली होती. आम्हाला हवी होती सशात बनवलेली, प्रथिनाच्या सी-टोकाविरुद्धची, म्हणजे शेवटच्या टोकाला चिकटणारी. सी-टोकच का? कारण डीसीएलके१ नावाचं भावंड-प्रथिन आहे, त्याचा सुरुवातीचा भाग डबलकॉर्टिनसारखाच आहे. त्या भागाविरुद्धची अँटिबॉडी दोघांनाही धरू शकते. डीसीएलके१चं एक आखूड रूप तर साधारण ४० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) वजनाचं, म्हणजे ब्लॉटवर डबलकॉर्टिनच्याच जागी बँड देणारं.

हे सगळं मी खरेदी विभागात जाऊन सांगितलं. “ताई, नाव तेच, मात्रा तीच. ऑडिटला मी काय सांगू?” असं उत्तर आलं. त्यांची भीती खरी होती, हे मी आजही मान्य करते. पण मग त्यांनी सुचवलं की प्रोप्रायटरी दाखला (ही वस्तू एकच उत्पादक बनवतो असा) आणा. पुरवठादाराने तो दिला. त्यावर पुढचा शेरा: वस्तू प्रोप्रायटरी असेल तर तीन कोटेशन आलीच कशी? तो दाखला कॅटलॉग नंबरचा असतो, प्रथिनाचा नव्हे, हे समजावण्यात पुन्हा वेळ गेला. ते मिटतंय तोवर देशी उत्पादनाला प्राधान्याच्या आदेशाखाली स्थानिक मूल्याचं प्रमाणपत्र मागितलं. आयात होणाऱ्या अँटिबॉडीचं ते कोण देणार? तो आदेशच मी काढून वाचला. ५ लाखांखालच्या खरेदीला त्यातून सूट आहे. त्या परिच्छेदाखाली रेघ मारून प्रत जोडली, आणि तो प्रश्न तिथल्या तिथे संपला.

फाइल सुटली ती एका पानामुळे. एल-वन म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्यांमधला सर्वांत कमी दर. अपात्र वस्तूचा दर मुळात तुलनेत येतच नाही. हाच धागा पकडून मी तांत्रिक तुलनेचा तक्ता केला: कुठल्या प्राण्यात बनवली, मोनोक्लोनल की पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटिबॉडींचं मिश्रण), प्रथिनाचा कोणता भाग, कुठल्या प्रजातीवर आणि कुठल्या पद्धतीने तपासली, कॅटलॉग नंबर आणि आरआरआयडीसह (संशोधन साहित्याच्या ओळख क्रमांकासह) कुठल्या शोधनिबंधांत वापरली. प्रत्येक रकान्यापुढे पात्र किंवा अपात्र. खाली मॅडमची आणि समितीची सही. ज्यांनी शेरा लिहिला होता त्यांनीच तो वाचून “आता बरोबर आहे” म्हटलं. त्या पानाचा मला अभिमान आहे. आमच्या मजल्यावर आता तेच पान नमुना म्हणून फिरतं. तुम्ही ही माहिती इंडेंटमध्येच घाला, नंतरसाठी ठेवू नका.

माझी फाइल जुन्या नियमांतली. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली आणि जेमबाहेरून घेण्याची मुभा संचालक-कुलगुरूंना दिली. तुमच्या संस्थेने तसं परिपत्रक काढलंय का ते आधी विचारा. काढलं नसेल तर मॅडम-सरांना मागे लागायला सांगा.

पार्सल शुक्रवारी येणार असेल तर पुरवठादाराला थांबवा, नाहीतर शनिवार-रविवार ते स्टोअरच्या टेबलावर पडून राहील. आल्याबरोबर जेल पॅक गार आहेत का पाहा, छोटे अ‍ॅलिकॉट, म्हणजे वाटून ठेवलेले छोटे भाग, करा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवू नका, त्याचं तापमान वरखाली होतं.

ऊती टिकवण्यासाठी ती फॉर्माल्डिहाइड या फिक्सेटिव्हमध्ये किती वेळ होती तेही वहीत लिहा. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का, यावर २०१८ साली एकमेकांविरुद्ध जाणारे निष्कर्ष आले. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटाने दाखवलं की ऊती फार वेळ फिक्सेटिव्हमध्ये राहिली तर डबलकॉर्टिनचा सिग्नल मावळतो. सिग्नल आला नाही म्हणून लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नका. नवजात पिल्लाच्या घ्राणकंदाचा (वास ओळखणाऱ्या मेंदूच्या भागाचा) एक सेक्शन सोबत रंगवा, तिथे तो लखलखीत दिसायला हवा.

आणि पॉलिक्लोनल घेत असाल तर बाटलीवरचा लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) टिपून ठेवा, खेपेगणिक मिश्रण थोडं बदलतं. पुढच्या इंडेंटमध्ये तोच लॉट मागा. शिल्लक असेल तर पुरवठादार देतात.