डावी टाकी : २,९१५ किलो

जुलैतली रात्रपाळी, धो धो पाऊस आणि दिल्लीला निघालेलं बोइंग ७३७. डाव्या पंखातल्या टाकीचा इंधनमापक बंद होता. बाहेरच्याला हे ऐकून धडकी भरेल, पण एक मापक बंद असताना विमान कोणत्या अटींवर सोडायचं हे एमईएलमध्ये, म्हणजे काय बंद असलं तरी विमान सोडता येतं त्या यादीत, लिहिलेलं असतं. त्यातली मुख्य अट अशी, की त्या टाकीतलं इंधन हाताने मोजायचं.

हे काम मला मनापासून आवडतं. पंखाच्या खालच्या बाजूला मोजपट्ट्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून सोडली की पट्टी खाली सरकते आणि आतल्या तरंगत्या चुंबकाच्या पातळीला येऊन थांबते. एक थेंबही सांडत नाही. पट्टीवरचा आकडा वाचायचा, विमान किती कलून उभं आहे ते पाहायचं आणि तक्त्यातून लिटर काढायचे. मग लिटरला घनतेने गुणलं की किलो मिळतात.

माझ्या हाताखालचा मुलगा नवा होता, पण काम स्वच्छ. त्याने पावसात भिजत पट्ट्या नीट वाचल्या आणि डाव्या टाकीत १,६७५ लिटर काढले. त्याला १.७४ ने गुणून २,९१५ किलो लिहिले. दोन्ही पंखांत प्रत्येकी ३,७०० किलो हवे होते, म्हणजे डावीकडे अजून ७८५ किलो, ४५१ लिटर. मी कॅल्क्युलेटरवर तपासलं. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. "ठीक आहे," म्हणालो.

हे "ठीक आहे" मला अजून झोपू देत नाही.

बाउझरकडे, म्हणजे इंधनाच्या टँकरकडे जाताना उजव्या टाकीचा चालू मापक पाहिला. १,३२० किलो. मुलगा म्हणाला, "सर, इम्बॅलन्स असेल." दीड टनापेक्षा जास्त फरक? एवढा फरक असता तर मागच्या वैमानिकांना विमान एका बाजूला ओढतंय हे जाणवलं असतं, आणि टेक लॉगमध्ये, विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, त्याचं अक्षरही नव्हतं. मी २,९१५ ला १,३२० ने भागलं. २.२. एका किलोत तेवढेच पाउंड असतात.

१.७४ आला कुठून? विमान भाड्याने घेतलेलं होतं. आधीच्या कंपनीचा एक लॅमिनेट केलेला तक्ता फोल्डरमध्ये तसाच राहिला होता, आणि त्यातले आकडे एका लिटरचे पाउंड किती, हे सांगणारे होते. आमचं सगळं काम किलोत. त्या रात्रीची घनता होती ०.७९. म्हणजे डावीकडे होते १,३२३ किलो, आणि भरायचे होते ४५१ नव्हे, ३,००९ लिटर.

२३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ च्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्या कंपनीत हे विमान मेट्रिक, बाकीची जुन्या मापांची. इंधनाचे मापक पूर्ण बंद. मॉन्ट्रियलला टाक्यांत ७,६८२ लिटर मोजले, एडमंटनपर्यंत हवे होते २२,३०० किलो. गुणक घेतला १.७७, पाउंडांचा. भरले ४,९१६ लिटर, भरायला हवे होते सुमारे २०,००० लिटर. ऑटावाला उतरल्यावर पुन्हा मोजलं, पुन्हा १.७७ नेच गुणलं, आणि हिशोब पुन्हा जुळला. ४१,००० फुटांवर एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा सराव होता. त्यांनी विमान आडवं घसरवत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जण वाचले, आणि ते विमान पुढे २००८ पर्यंत उडत राहिलं.

सगळे पिअर्सन यांची गोष्ट सांगतात. सांगायलाच हवी. मला मात्र मॉन्ट्रियलला विमानाशेजारी कागद घेऊन उभी असलेली माणसं दिसतात. आळशी नव्हती ती. त्यांनी हिशोब पुन्हा पुन्हा तपासला, माझ्यासारखाच. पूर्वी इंधनाचा हिशोब फ्लाइट इंजिनिअर पाहायचा. ७६७ वर ती खुर्चीच नव्हती, आणि ते काम आता कोणाचं हे कोणी नीट ठरवलंही नव्हतं. कॉकपिटमधला माणूस कमी करताना त्याचं काम कोणाच्या गळ्यात पडणार, हे वरच्यांनी आधी ठरवायला नको?

आमचं विमान ३८ मिनिटं उशिरा सुटलं. वॉकी-टॉकीवर तीनदा विचारणा झाली, उशिराचं कारण कोणाच्या खात्यावर टाकायचं. मी "इंजिनिअरिंग" म्हणून सांगितलं. तो तक्ता काढून अहवालाला जोडला.

पहाटे कँटीनमध्ये मुलगा बराच वेळ चहाचा कप नुसता धरून बसला होता. मग म्हणाला, "सर, उजवा मापकही बंद असता तर?"

"तर एमईएलने विमान सोडूच दिलं नसतं."

"मॉन्ट्रियललाही सोडायचं नव्हतंच ना, सर?"

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.