होडीची नोंद, पावसाळ्याआधी: इंजिन बंद पडलं तर मदत कधी मागायची

होडी १४ फुटी फायबरची, मागे ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. पाणी गोसीखुर्दचं, धरणाच्या भिंतीपासून बरंच वर. मागच्या नोंदीनंतर नवा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची रबरी चकती) बसला, पेट्रोलच्या नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर लागला, नांगराची दोरी बदलली. या वेळी जास्त डोकं लागलं ते इंजिन बंद पडल्यावर हाक कधी मारायची, हे ठरवण्यात.

इंजिन थांबलं की आधी नांगर, मग इंजिनाचं कव्हर. कव्हर उघडून दोरी ओढत बसलं की होडी वाहतच राहते आणि किती वाहिली ते कळत नाही. दोरी खोलीच्या पाचपट सोडा: ८ मीटर पाण्याला ४० मीटर. पुढे २ मीटर साखळी हवीच, तिच्या वजनानं नांगर आडवा बसतो. बुडीत झाडांत नांगर अडकतो, म्हणून त्याच्या बुडाला दुसरी बारीक दोरी आणि तिला तरंगता डबा बांधला आहे. त्या बाजूनं ओढलं की सुटतो.

आता तपासणी, फक्त १० मिनिटं. झटक्यात बंद पडलं तर किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप निघाली का बघा. खोकत खोकत मेलं तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद असेल, नाहीतर इंधनात पाणी असेल. हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल पाणी लवकर धरतं. इंजिन भुंगतंय पण होडी जागची हलत नाही? पंख्याची शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी छोटी खीळ) तुटली. आपल्याकडे मात्र सगळ्यात जास्त त्रास इकॉर्नियाचा, म्हणजे जलपर्णीचा, आणि नायलॉन जाळ्यांचा. इकॉर्निया पाणी ओढायच्या जाळीवर बसते, मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते आणि इंजिन तापतं. धार थांबलेली दिसताच बंद करा, जाळी साफ करा, थंड होऊ द्या. तापलेलं इंजिन पुन्हा पुन्हा ओढलं तर पिस्टन धरतो, मग पाण्यावर काहीच इलाज नाही.

नांगर धरत नसेल तर हिशेब करायचा. मोबाइलवर जागा बघा, ५ मिनिटांनी पुन्हा बघा. समजा होडी १०० मीटर सरकली, म्हणजे मिनिटाला २०. वारा नेतोय त्या दिशेला ८०० मीटरवर वाळलेल्या झाडांच्या बुंध्यांचा पट्टा असेल तर हाती ४० मिनिटं. काठावरून ढिवर मच्छीमारांचा डोंगा पोचायला ३० मिनिटं लागतात. आमचा नियम असा: हातातला वेळ मदतीच्या वेळेच्या दुपटीपेक्षा कमी झाला की लगेच फोन. इथे ४० हे ६० पेक्षा कमी, म्हणजे दुरुस्ती सुरू असतानाच हाक. डोंगा सापडायला, लाइफ जॅकेट चढवायला, वाट चुकायलाही वेळ जातोच, दुप्पट त्यासाठी.

काही वेळा हिशेब करायचाच नाही: होडीत पाणी येतंय, माणूस पाण्यात पडलाय, आग लागलीय, पावसाळ्यात पाण्याची ओढ धरणाच्या दरवाजांकडे आहे, पश्चिमेला वावधान (वादळ) उठलंय किंवा अंधाराला तासच उरलाय. सरळ ११२. मोबाइलची बॅटरी ३० टक्क्यांवर आली तरी थांबू नका. हाक मारण्याइतकीच बोलणं पूर्ण होण्यालाही बॅटरी लागते. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७. सांगायचं थोडक्यात: अक्षांश-रेखांश, जवळचं गाव, माणसं किती, जॅकेट आहेत का, नांगर धरतोय का. डोंगा दिसला की दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा, ही संकटाची मान्य खूण आहे.

समुद्रावर हीच पायरी रेडिओवर असते. इंजिन गेलं पण लगेच जिवाला धोका नाही, तर चॅनल १६ वर ‘पॅन-पॅन’. जीव धोक्यात आला की ‘मेडे’. तटरक्षक दलाचा फोन १५५४. इंजिन नंतर सुरू झालं तर फोन करून कळवायचं, म्हणजे शोधणारे फुकट फिरत नाहीत. लवकर हाक मारल्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही.

आणि पोहत काठ गाठायचा नाही. फायबरची होडी उलटली तरी बहुतेक वेळा तरंगते आणि लांबून दिसते; लाटेतलं एकटं डोकं दिसत नाही.

बाकी राहिलेलं: कव्हरच्या आत दोन शिअर पिना आणि प्लग पाना तारेनं बांधायचा, जाळं कापायला दातेरी सुरी पंख्याजवळ ठेवायची, आणि काठावरच्या मच्छीमार सोसायटीत निघायची व परतायची वेळ सांगून ठेवायची.